डेटा सायन्स आणि धानाची नोंदवही

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या चुलत भावाचा नागऱ्याहून फोन आला. नागरा हे गोंदियाजवळचे गाव. तेथील प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भावाची त्या बाजूला राईस मिल आहे. त्याने नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्याला हात घातला : "दादा, पोरगी डेटा सायन्समध्ये एम.एस्सी. करायचं म्हणते. कर्जाचं तुम्ही बघालच. पण आधी एवढं सांगा, हे आहे तरी काय? दोन वर्षं पुण्याला ठेवायची, पैसा घालायचा, आणि उद्या कोणी विचारलं की मुलगी काय शिकते, तर मला एका वाक्यात सांगता यायला पाहिजे."

बँकेत उभी हयात घालवल्यामुळे मला ताळेबंद वाचता येतो. परंतु हा प्रश्न ताळेबंदाचा नव्हता. मी त्याच्याकडे आठ दिवस मागून घेतले आणि पुतणीला सांगितले, "ज्या ज्या संस्थेत तुला अर्ज करायचा आहे, तिथला संपूर्ण अभ्यासक्रम मला पाठव. माहितीपत्रक नको, अभ्यासक्रम." माहितीपत्रकावर हसणारी मुले आणि काचेच्या इमारती असतात. तारण म्हणून आलेल्या मिळकतीचा रंगीत फोटो पाहून कोणी कर्ज मंजूर करीत नाही. सात-बारा आणि फेरफार पाहावे लागतात. अभ्यासक्रम हा पदवीचा सात-बारा होय.

या विषयाचे नाव आज घरोघरी पोहोचले आहे, त्याला एका लेखाने बराच हातभार लावला. २०१२ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये थॉमस डेव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील यांनी डेटा सायंटिस्टची नोकरी ही एकविसाव्या शतकातील सर्वांत आकर्षक नोकरी असल्याचे लिहिले. पुढे २०१५ मध्ये हेच पाटील अमेरिकन सरकारचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट झाले. त्यानंतर शिक्षणसंस्थांनी हे नाव उचलले नसते तरच नवल. मराठीत काही जण 'विदा-विज्ञान' असा शब्द वापरतात. शब्द चांगला आहे, पण आमच्या बाजारपेठेत तो कोणाला कळणार नाही, म्हणून मी डेटा सायन्सच म्हणतो.

अभ्यासक्रम आले. मी माझी एम.कॉम.ची जुनी वही काढली, कारण आमच्या वेळी संख्याशास्त्राचा पेपर होता : मध्य, मध्यक, बहुलक, सहसंबंध, आणि हाताशी लॉग टेबल. तेवढ्या शिदोरीवर मी ती पाने वाचली. पहिल्या वर्षात संभाव्यता, रेषीय बीजगणित, नमुना निवड, सांख्यिकीय अनुमान. जोडीला पायथन ही संगणकाची भाषा आणि डेटाबेस. दुसऱ्या वर्षात मशीन लर्निंग आणि शेवटी एक प्रकल्प. म्हणजे ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने मुले प्रवेश घेतात, तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी वर्षभर गणिताचा घाट चढावा लागतो. मी भावाला फोन करून त्याला हवे असलेले एक वाक्य दिले : "ही संख्याशास्त्राचीच पदवी आहे, फक्त हातात संगणक दिला आहे." तो म्हणाला, "मग तसं सांगायचं ना!"

हे वाक्य मी केवळ त्याचे समाधान करण्यासाठी बोललो नव्हतो. आपल्याकडे या विद्येची पदव्युत्तर परंपरा जुनी आहे. कोल्हापुरात जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. त्यांचे संशोधन जगभर मान्य झाले आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. म्हणून ज्या घरात हा विषय निघाला असेल, त्यांना मी सांगतो की पदवीवर 'डेटा सायन्स' हे शब्द असलेच पाहिजेत असा आग्रह धरू नका. चांगल्या विभागातील संख्याशास्त्राची एम.एस्सी. आणि जोडीला संगणकाचा कसून केलेला अभ्यास, हा स्वस्त आणि भक्कम मार्ग आहे. त्यासाठी आय.आय.टी.च्या 'जॅम' परीक्षेत गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने २०१८ पासून डेटा सायन्सचीच एम.एस्सी. सुरू केली आहे आणि २०२४ पासून 'गेट' परीक्षेतही डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेचा पेपर आला आहे. मुलगा बी.कॉम. असेल तर अर्ज भरण्यापूर्वी पात्रतेची अट नीट वाचावी. अनेक ठिकाणी पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र असणे आवश्यक असते, आणि जेथे ती अट नाही, तेथे ती का नाही हाही विचार करावा. आमची पुतणी नागपूरला बी.एस्सी. झालेली, गणित आणि संख्याशास्त्र घेऊन, त्यामुळे ती अडचण नव्हती.

कर्जाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल मला सर्वाधिक विचारणा होते. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेनुसार देशातील शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत मिळकतीचे तारण लागत नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते, ही गोष्ट पुष्कळ पालक विसरतात. शक्य असेल तर शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत जावे. काही बँका त्यासाठी व्याजदरात सवलतही देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत निवडक नामांकित संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशाची रक्कम भरण्याआधी पाहावे. आमच्या भावाकडे पैसा नव्हता असे नाही. तरीही मी कर्ज मुलीच्याच नावावर घ्यायला लावले आणि पुढचे हप्ते तिने तिच्या पगारातून भरावेत असे ठरवले. यावरून घरात थोडी कुरबुर झाली. "आपल्या लेकीला कर्जात घालता?" असे वहिनी म्हणाल्या. पुतणीला मात्र ते आवडले.

पहिल्या सत्रात ती कोलमडली. संभाव्यतेच्या पेपरात जेमतेम गुण. रात्री साडेदहाला फोन : "काका, बी.एस्सी.ला उत्तर बरोबर की चूक एवढंच असायचं. इथे उत्तराबरोबर ते किती डळमळीत आहे तेही मोजून सांगावं लागतं. मला वाटतं मी चुकीच्या ठिकाणी आले."

तिला धीर देण्यासाठी मी एक गोष्ट सांगितली. ती आपल्या वाचकांनाही आवडावी. कोलकात्यात १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी संभाव्यतेची मांडणी समजावताना जैनांच्या स्याद्वादाचा, सप्तभंगीचा आधार घेतला. १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या ख्यातनाम शास्त्रज्ञाने त्याच संस्थेच्या 'सांख्य' या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. स्याद्वाद म्हणजे संभाव्यतेचे गणित असा दावा मी करणार नाही. पंडितजी मला पाठशाळेत पुन्हा पहिल्या वर्गात बसवतील. तसेच स्याद्वाद म्हणजे संशयवाद नव्हे, हेही आपण लहानपणी शिकलो आहोत. कोणत्या अपेक्षेने हे विधान खरे आहे, ते सांगूनच विधान करावे, एवढा धागा मात्र दोन्हीकडे आहे. पुतणी म्हणाली, "म्हणजे मी घरचाच विषय नापास होत होते." दुसऱ्या सत्रात ती सावरली.

खरी गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी विषय हवा होता. तिच्या वर्गातील बहुतेकांनी इंटरनेटवर तयार मिळणारी आकडेवारी घेतली. ही दिवाळीच्या सुटीत घरी आली, तेव्हा नव्या धानाची आवक सुरू होती आणि मुनीमजींच्या मागच्या कपाटात गेल्या पाच वर्षांच्या खरेदीच्या वह्या होत्या : तारीख, शेतकरी, गाव, कट्टे, वजन, ओलावा, कपात, भाव. तिने ठरवले की ओलाव्यावरून तांदळाचा उतारा किती येईल, कणी किती पडेल, याचा अंदाज बांधायचा. सरकारी धान भरडायला घेतले की क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. त्यामुळे उतारा हा गिरणीवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. भाऊ खूश झाला. दोन पोरांना बसवून त्याने वह्या संगणकात उतरवून दिल्या.

उताऱ्याचा अंदाज काही नीट बसेना. मग तिने ओलाव्याच्या रकान्याकडे पाहिले. मिलमधला ओलावा मोजायचा मीटर दशांशापर्यंत आकडा दाखवतो. दशांशस्थानी शून्य ते नऊ यांपैकी कोणताही अंक येऊ शकतो, म्हणजे दहा नोंदींत साधारण एक नोंद पूर्णांकाची असावी. वहीत निम्म्याहून अधिक नोंदी पूर्णांकाच्या होत्या, आणि त्यांतही १७ व १८ या दोन आकड्यांचे ढीग साचले होते. दोहोंच्या मधला भाग जवळजवळ मोकळा. जनगणनेत लोक वय सांगताना तीस, पस्तीस, चाळीस असे गोल आकडे सांगतात आणि तेथेही असेच ढीग साचतात. जनगणनेचे अभ्यासक ते फार पूर्वीपासून ओळखून आहेत. पण येथे १७ला अर्थ होता. सरकारी खरेदीत १७ टक्के ही ओलाव्याची मर्यादा आहे आणि मिलच्या खासगी खरेदीतही तीच रेघ धरलेली. सतरापर्यंत कपात नाही. अठरा लिहिले की क्विंटलमागे एक किलो वजा.

पुतणी दोन दिवस काट्यापाशी उभी राहिली. मीटरवर १७.३ आले. शेतकरी ओळखीचा, नागऱ्याच्या आसपासचा. मुनीमजींनी १७ लिहिले. तासाभराने पुन्हा १७.३. हा माणूस लांबच्या गावाहून पाच कट्टे घेऊन आलेला. मुनीमजींनी १८ लिहिले. तिने परत जाऊन वह्यांतील नोंदी गावांप्रमाणे वेगळ्या केल्या. एका ढिगात बहुतांश जवळची गावे आणि मोठे शेतकरी, दुसऱ्यात लांबची गावे आणि लहान शेतकरी.

मुनीमजी तीस वर्षे त्या घरात आहेत. त्यांनी एक पैसाही खिशात घातलेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. माणूस पाहून आकडा गोल करायचा, ही त्यांच्या हाताची सवय होती. त्यांना विचारले असते तर त्यांनी कदाचित ते नाकारलेही असते, आणि खोटे बोलत आहोत असे त्यांना वाटलेही नसते.

भाऊ संतापला. "मुनीमजींवर चोरीचा आळ घेतेस? आणि घरची वही परीक्षकांपुढे मांडणार?" तिचे उत्तर, "बाबा, मी कोणावर आळ घेत नाही. दोन ढीग आहेत, एवढंच म्हणते. ते लपवले तर माझा सगळा प्रकल्पच खोटा." वहिनींनी मला बोलावून घेतले. मी सकाळच्या गाडीने गोंदियाला उतरलो तेव्हा बापलेकीचे बोलणे बंद होते.

मी न्यायनिवाडा केला नाही. माझीच एक गोष्ट सांगितली, जी मी नोकरीत असताना कोणालाही सांगितली नव्हती. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात, एका शाखेत असताना, कॅश क्रेडिटच्या खात्यावरील माल तपासायला मी गोदामात गेलो. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या. मी नियमाप्रमाणे लांबी, रुंदी आणि उंची यांच्या रांगा मोजल्या, गुणाकार केला आणि अहवालावर सही केली. दर महिन्याला असेच. पुढे खाते बुडाले आणि थप्पी उतरवली, तेव्हा ती आतून पोकळ निघाली. मध्ये लाकडी फळ्यांचा सांगाडा होता. मी केवळ कडेची पोती मोजत होतो. बारा महिन्यांचे बारा अहवाल एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, आणि त्या जुळण्यालाच मी पुरावा समजत होतो.

पुतणी ताडकन म्हणाली, "काका, हे तर सुखात्म्यांचं आहे!" आणि तिने आम्हाला जे सांगितले ते मला माझ्या साऱ्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म १९११. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर लंडनला शिकून ते १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या व्यवस्थेत पिकांच्या उत्पादनाचे अंदाज कसे बांधावेत याचे काम करीत होते. शेतातील यदृच्छेने निवडलेला एक तुकडा कापायचा, त्याचे धान्य मोजायचे आणि त्यावरून सबंध तालुक्याचा अंदाज काढायचा, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत. तुकडा किती मोठा असावा यावर त्यांचा आणि महालनोबिस यांचा गाजलेला वाद झाला. लहान तुकडा सोयीचा, झटपट होणारा. परंतु सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा जितका लहान, तितके उत्पादन वाढवून दिसते. कारण कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा नकळत ते आत धरतो; आणि लहान तुकड्यात आतल्या जागेच्या मानाने कडच जास्त असते. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक भरून निघत नाही. ती एकाच दिशेची असल्यामुळे हजारपट पक्की होते. पुढे १९५१ मध्ये सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला नमुना सर्वेक्षणावरील त्यांचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचला.

"म्हणजे मुनीमजी आणि तुझे काका दोघे एकाच चुकीचे," भाऊ म्हणाला. त्या दिवसातले त्याचे ते पहिले वाक्य.

हा विषय आमच्या भागात पुस्तकी नाही. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याला भरपाई किती, हे याच पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या सरासरीवर अवलंबून राहिले आहे. २०२३ च्या खरिपापासून त्या योजनेत भात आणि गव्हासाठी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेल्या अंदाजालाही वजन दिले जाऊ लागले. उपग्रहाचे गणित बरोबर आहे की नाही हे पडताळायला शेवटी जमिनीवर कोणीतरी धान कापून तोलावेच लागते. तो तोलणारा हात गोल आकडे लिहिणारा असला, तर वरचा उपग्रहही गोल आकडेच शिकणार. व्रतांचे अतिचार आपण दरवर्षी पर्वात ऐकतो. त्यांत कूटलेखक्रिया आहे. मी ती आजवर खोटे दस्तऐवज करणाऱ्यांसाठीच आहे असे समजत होतो.

प्रकल्प सादर झाला. मिलचे नाव काढले, गावांची नावे काढून त्यांना क्रमांक दिले, मुनीमजींचा कोठे उल्लेख नाही. दोन ढिगांचा आलेख मात्र तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर आहे. उताऱ्याचा अंदाज फारसा अचूक आला नाही, हेही तिने प्रांजळपणे लिहिले. गुण चांगले मिळाले. पिकांच्या उत्पादनाचे अंदाज काढणाऱ्या एका कंपनीत तिला काम लागले आहे. पगार भावाच्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. त्याच्या मनात वर्तमानपत्रात छापून येणारे आकडे होते. मी त्याला सांगितले की त्या बातम्यांतही फक्त कडेचीच पोती मोजलेली असतात. हप्ते पुढच्या वर्षी सुरू होतील आणि तिच्या पगारात ते बसतात, हे मी कागदावर मांडून पाहिले आहे.

यंदा मे महिन्यात उन्हाळी धान यायला लागले, तेव्हा भावाने कोणाशी काही न बोलता काट्याजवळचे टेबल फिरवून ठेवले. मीटरचा आकडा आता शेतकऱ्याला समोरून दिसतो. दशांशासकट लिहायचे आणि कपातही दशांशाच्या हिशेबाने करायची, असे त्याने मुनीमजींना सांगितले. मुनीमजी बरेच दिवस पुतणीशी बोलले नाहीत. ती घरी आली की ते वही मिटून बाहेर जात. पुढे एका संध्याकाळी त्यांनीच तिला हाक मारली आणि वहीवर बोट ठेवून म्हणाले, "बेटी, सतरा पूर्णांक तीन लिहायला हा रकाना लहान पडतो. आकडे एकमेकांत शिरतात."

गोंदियाहून नव्या वह्या छापून आल्या आहेत. ओलाव्याचा रकाना त्यांत दुप्पट रुंद आहे.